पुरुष अजून कोलोन लावतात का? लावतात, आणि बहुतेकांना अजून साबणाचाच वास आवडतो

प्रश्न थोडक्यात असा: पुरुष आजही कोलोन लावतात, की ती मागच्या पिढीबरोबर संपलेली सवय आहे? लावत असतील तर कोणते वास त्यांना आवडतात? विचारणाऱ्याच्या ओळखीत कुणीच लावत नाही, घरात वडिलांची अर्धी बाटली पडून आहे, आणि आपण लावलं तर चमत्कारिक किंवा जुनाट वाटेल का, ही खरी शंका.

चमत्कारिक अजिबात वाटणार नाही. तुमच्या ओळखीतले बरेच जण लावत असणार, फक्त तुम्हाला ते कळत नाही. बेताने लावलेला सुगंध हातभर अंतरापलीकडे फारसा जात नाही, आणि पुरुष एकमेकांच्या तेवढे जवळ क्वचितच येतात. ज्यांचं कळतं ते म्हणजे लिफ्टमधून उतरल्यावरही मागे घमघमाट ठेवून जाणारे. सगळ्यांचा अंदाज बिचाऱ्या त्यांच्यावरून बांधला जातो. शिवाय 'मी काही लावत नाही' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांच्याही काखेत डिओ आणि गालावर आफ्टरशेव्ह असतंच. ॲक्स हा डिओ १९८३ मध्ये फ्रान्समध्ये आला. त्यानंतरच्या कित्येक मुलांची सुगंधाशी पहिली ओळख काचेच्या बाटलीतून झाली नाही, पत्र्याच्या डब्यातून झाली. त्याला ते सेंट मारणं म्हणत नाहीत, इतकंच. अलीकडे तर उलटी तऱ्हा आहे. मिसरूड न फुटलेली पोरं कोणतं परफ्यूम किती तास टिकतं यावर तावातावाने भांडताना दिसतात.

बाटलीवरच्या नावाने मात्र गोंधळू नका. बोलताना पुरुषांच्या कुठल्याही सुगंधाला कोलोन म्हणतात. बनवणाऱ्यांच्या हिशेबात तो सर्वांत पातळ प्रकार, म्हणजे अल्कोहोलमध्ये साधारण २ ते ५ टक्के सुगंधी द्रव्य. त्याच्या वर ओ द त्वालेत, आणि त्याहून दाट ओ द पर्फ्यूम, साधारण १५ ते २० टक्के. हे आकडे ढोबळ आहेत, कंपन्या ते आपापल्या सोयीने वाकवतात. दाट म्हणजे चांगलं असंही नाही. दाट म्हणजे कमी फवारे, एवढंच.

आता आवडीबद्दल. माझं मत ठाम आहे: गेल्या दीडशे वर्षांत पुरुषांची आवड फारशी हललेली नाही. नुकताच अंघोळ करून, दाढी घोटून आलेला माणूस जसा येतो, तसा वास त्यांना हवा असतो. दर पिढीला तो वास देणारं नवं रसायन सापडतं आणि तेच नवी फॅशन म्हणून विकलं जातं. इतिहास पाहिलात तर दुकानातल्या भिंतभर बाटल्यांमधून निवडणं बरंच सोपं होईल.

सुरुवात कोलोन शहरातूनच. तिथे १७०९ मध्ये फरीना या इटालियन कुटुंबाची पेढी निघाली, आणि योहान मारिया फरीनाने आपल्या सुगंधी पाण्याला त्या नव्या गावाचं नाव दिलं. बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं एक सुवासिक फळ), लिंबू, संत्रं, त्या जातीच्या झाडांची फुलं, थोडी रोझमेरी, असा एकूण थाट. सुंदर वास, पण लिंबूवर्गीय तेलांचे रेणू हलके. अर्ध्या-पाऊण तासात भुर्र उडतात. नेपोलियन हे पाणी बाटल्याच्या बाटल्या वापरायचा म्हणतात, त्यात नवल नाही. टिकतच नाही तर माणूस काय करणार.

ते टिकवण्याची सोय प्रयोगशाळेने केली. विल्यम पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये कूमरिन कृत्रिमरीत्या तयार केलं. वाळत घातलेल्या गवताला येतो तो गोडसर, उबदार वास कूमरिनचा. १८८२ मध्ये हूबिगां या फ्रेंच घराण्यासाठी पॉल पार्के याने लॅव्हेंडर, ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारं दगडफूल) आणि हे कूमरिन एकत्र करून 'फूजेर रोयाल' बनवलं. पुढे त्या पठडीलाच फूजेर म्हणू लागले. तुम्ही हे नाव कधी ऐकलं नसलं तरी वास नक्की ओळखता, कारण दाढीचे साबण, क्रीम, आफ्टरशेव्ह, पावडरी या सगळ्यांनी तो उचलला. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर येतो तोच. १९६४ चं ब्रूट, १९७८ चं अझारो पूर ओम, १९८२ चं ड्रकार न्वार ही सगळी त्याच वंशातली.

दुसरी उडी १९६६ ची. दिऑर या फ्रेंच घराण्यासाठी एदमों रुद्नित्स्का याने 'ओ सोव्हाज' केलं. लिंबाचा तोच जुना ताजेपणा, पण आत हेडिओन नावाचं द्रव्य. हेडिओनला जाईच्या फुलासारखा पण फार विरळ, हवेशीर वास असतो, आणि त्याने सगळ्या मिश्रणाला मोकळा श्वास मिळतो. साठ वर्षं होत आली, अजून हे मला पुरुषांसाठी केलेल्या सर्वोत्तम सुगंधांपैकी एक वाटतं. कुणालाही डोळे झाकून सुचवावं असं.

मग डायहायड्रोमिर्सेनॉलचं युग आलं. नाव जिभेला जड आहे, पण वास सगळ्यांच्या ओळखीचा: लिंबू, लॅव्हेंडर आणि थंडगार धातू यांच्या मधला काहीतरी. साबणांत आणि कपडे धुण्याच्या पावडरींत ते सर्रास असायचं. ड्रकार न्वारने ते परफ्यूममध्ये मोठ्या मापाने ओतलं, आणि १९८८ मध्ये पिएर बूर्दोंने दाविदॉफच्या 'कूल वॉटर'मध्ये आणखी. पाठोपाठ समुद्री वासांची लाट उसळली. त्यामागे कॅलोन होतं. ते द्रव्य औषध कंपनी फायझरच्या संशोधकांना १९६६ मध्येच सापडलं होतं, पण परफ्यूमवाल्यांनी खरं हातात घेतलं ते बऱ्याच उशिरा. १९९६ चं 'आक्वा दी जो' त्या लाटेवरचं सर्वांत यशस्वी नाव. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि समुद्राचा वारा, असा तो थाट.

आणि आताचा राजा ॲम्ब्रोक्सन. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा अंबर हा अत्यंत दुर्मिळ पदार्थ. त्याचा खारट, उबदार, स्वच्छ कातडीसारखा वास क्लेरी सेज या वनस्पतीतल्या द्रव्यापासून बनवता येतो, तो हा. २०१५ मध्ये दिऑरने 'सोव्हाज' आणलं (जुन्या ओ सोव्हाजशी नाव सोडून फारसा संबंध नाही, खरेदी करताना हे लक्षात ठेवा), त्यात बर्गमॉट आणि मिरीच्या खाली ॲम्ब्रोक्सनचा जाड थर आहे. ते जगात सर्वाधिक खपणाऱ्या सुगंधांपैकी एक झालं. २०१० चं 'ब्ल्यू द शनेल'ही याच निळ्या बाटल्यांच्या मोहल्ल्यातलं. आज 'पुरुषांना कोणता वास आवडतो' याचं खपावरून मिळणारं उत्तर हेच: ताजा, थोडा तिखट, अंघोळीचा.

या प्रवाहाबाहेर काही नाही असं नाही. गोड वासांची एक मोठी शाखा आहे. १९९५ चं 'ल माल' पुदिना, लॅव्हेंडर आणि ढीगभर व्हॅनिला घेऊन आलं; २००८ चं 'वन मिलियन' दालचिनी आणि चामड्याचा गोडवा घेऊन. रात्री गाजावाजा करायला ठीक, पण बंद खोलीत दिवसभर शेजारी बसणाऱ्याचा अंत पाहतात. ऊद आहेच. अगरूच्या झाडाला बुरशी लागली की आत जी काळी राळ साठते, तिचा धुरकट वास. २००२ मध्ये इव्ह सँ लोराँच्या 'एम ७'ने तो पाश्चात्त्य बाजारात आणला, आणि आज 'ऊद' लिहिलेल्या पुष्कळ बाटल्यांत झाडाचा एक थेंबही नसतो. वाळा मात्र मला कुठल्याही वयात शोभतो असं वाटतं. ओल्या मातीचा, मुळांचा, कोरडा वास. जाँ-क्लोद एलेनाच्या २००६ च्या 'तेर दर्मेस'मध्ये संत्र्याखाली वाळा आणि देवदार आहेत. तिशीच्या आसपासच्या माणसाने एकच बाटली घ्यायची म्हटली तर मी हिच्याकडे बोट दाखवेन.

गुलाब, आयरिस वगैरे 'बायकी' असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. ती विभागणी जाहिरातवाल्यांची आहे, नाकाची नाही. २००५ च्या 'दिऑर ओम'चा कणा आयरिसच आहे, आणि १९९४ चं 'सीके वन' तर दोघांनी लावायचं म्हणूनच विकलं गेलं.

वडिलांच्या बाटलीबद्दल. जुनाट वाटण्याची भीती मला तितकी पटत नाही. फूजेर आज इतके कमी लोक लावतात की तरुण माणसावर ते वेगळेच उठून दिसतं. आधी बाटली खराब झाली आहे का ते बघा. ऊन आणि उष्णता यांनी सुगंध बिघडतो, आणि आधी बिघडतात ते वरचे हलके, लिंबूवर्गीय वास. फवारल्यावर पहिली काही मिनिटं आंबूस किंवा नेलपॉलिशसारखा भपका आला तर लगेच फेकू नका, पंधरा मिनिटं थांबा. खालचा भाग शाबूत असेल तर वापरायला हरकत नाही. रंग थोडा गडद होण्यानेही बिघडत नाही. मात्र ती संपल्यावर त्याच नावाची नवी बाटली घेतलीत तर वास तोच असेल अशी खात्री बाळगू नका. ओकमॉसमधले ॲलर्जी करणारे घटक आणि लिलियलसारखी काही द्रव्यं युरोपियन महासंघाने सौंदर्यप्रसाधनांत बंद केली आहेत, लिलियल २०२२ पासून. त्यामुळे पुष्कळ जुन्या सुगंधांची घडण आतून बदलली आहे. 'पूर्वीसारखं राहिलं नाही' ही म्हाताऱ्यांची तक्रार याबाबतीत चक्क खरी आहे.

नवं घ्यायचं असेल तर कागदाच्या पट्टीवर निकाल लावू नका. पट्टीवर तुम्हाला पहिली दहा मिनिटं कळतात, आणि पहिली दहा मिनिटं हा विक्रीसाठी सजवलेला भाग असतो. मनगटावर एक फवारा घ्या, दुकानातून बाहेर पडा, आपल्या कामाला लागा. तीन-चार तासांनी जे उरतं ते तुमच्या वाट्याला दिवसभर येणार आहे, ते आवडलं तर परत जा. एका फेरीत दोन-तीनपेक्षा जास्त हुंगण्यात अर्थ नाही, पुढे सगळं एकच वाटू लागतं. कॉफीच्या बिया हुंगून नाक 'कोरं' होतं म्हणतात. थोडा वेळ बाहेरच्या हवेत उभं राहिलात तरी तेच काम होतं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या मापात, आणि त्यामागे सरावलेलं नाक असतं. एकच वास सतत येत राहिला की मेंदू तो मोजणं सोडून देतो. आठवड्याभरात तुम्हाला स्वतःचं परफ्यूम येईनासं होतं, म्हणून तुम्ही एक फवारा वाढवता, मग आणखी एक. ॲम्ब्रोक्सन, आयसो-ई-सुपर नावाचं लाकडी वासाचं द्रव्य आणि काही कृत्रिम कस्तुरी यांच्या बाबतीत हे जास्तच, कारण काही माणसांना हे रेणू जन्मतःच नीट येत नाहीत. स्वतःला अजिबात येत नाही आणि पलीकडच्या टेबलावरचा माणूस खिडकी उघडतोय, असा प्रकार होतो. म्हणून माप नाकावर सोडू नका, आकड्यावर ठेवा. ऑफिसला ओ द पर्फ्यूम असेल तर दोन फवारे, ओ द त्वालेत असेल तर तीन, छातीवर आणि मानेच्या मागे. खरं कोलोन असेल तर हात सैल सोडा, ते दुपारपर्यंत राहणारच नाही. येतंय की नाही अशी शंका आली तर ज्याला खरं बोलायची लाज वाटत नाही अशा कुणालातरी विचारा.

घामावर फवारू नका. घाम झाकला जात नाही, दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी तयार होतं. अंघोळीनंतर, अंग कोरडं करून, कातडी रूक्ष असेल तर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून मग फवारा. तेलकट कातडीवर वास जास्त टिकतो. नुकत्याच दाढी केलेल्या गालावर नको, अल्कोहोल झोंबतं. आणि भर उन्हात जायचं असेल तर उघड्या मानेवर लिंबूवर्गीय काही लावू नका. बर्गमॉटच्या नैसर्गिक तेलात बर्गाप्टेन असतं, त्याने उन्हात कातडीवर तपकिरी डाग पडू शकतात. आता बहुतेक कंपन्या ते काढून टाकलेलं तेल वापरतात, पण जुन्या बाटल्यांचा भरवसा नाही. तिथे शर्टाच्या आतल्या बाजूला फवारा, मात्र पांढऱ्या किंवा रेशमी कापडावर आधी कोपऱ्यात करून बघा.

काही ठिकाणी लावूच नये: दवाखाना, लांबचा बंद प्रवास, आणि शेजारच्याला दमा किंवा अर्धशिशी असल्याचं माहीत असलेली जागा. कुणी डोकं दुखतं म्हणालं तर 'मी तर एकच फवारा मारलाय' हा युक्तिवाद करू नका. त्या माणसाला एकही फवारा जास्तच होतोय.