प्रश्न तुमचे: ‘मिलियन डॉलर बेबी’च्या रिंगमध्ये

प्रश्न: ‘मिलियन डॉलर बेबी’त (2004) प्रशिक्षक फ्रँकी दोन राउंडच्या मधल्या मिनिटात भुवईची जखम काडी लावून थांबवतो. खरंच एवढ्यात रक्त थांबतं? – एक वाचक, सांगली

थांबतं; मिनिट मात्र पुरतं मिळत नाही. बॉक्सर स्टुलावर येऊन बसतो आणि पुन्हा उठतो, त्यातच दहा-पंधरा सेकंद जातात. आधी कोरड्या गॉझने रक्त टिपायचं, पुसायचं नाही. मग ॲड्रेनॅलिनच्या 1:1000 (हजारात एक भाग) द्रावणात भिजवलेली कापसाची काडी जखमेच्या आत टेकवून घट्ट दाबून धरायची. औषधाने रक्तवाहिन्या आकसतात, पण वाहत्या रक्तात ते धुऊन जातं, म्हणून खरं काम दाबाचं. नवशिका काडी रगडतो आणि धरू लागलेली गुठळी उखडून काढतो. शेवटी व्हॅसलीनचा थर, म्हणजे पुढचा ठोसा घसरतो. सुजेसाठी बर्फात ठेवलेला धातूचा ठोकळा, तोही नुसता दाबून धरायचा. घासला तर सूज पसरते.

जखम कुठे आहे यावर बरंच अवलंबून असतं. डोळ्याखालची तितकी नडत नाही. भुवईवरचं रक्त डोळ्यात उतरतं, बॉक्सरला समोरचा ठोसा दिसत नाही आणि रेफरी डॉक्टरला बोलावतो.

हे पडद्यावर इतकं नेमकं उतरण्याचं कारण मूळ कथेत आहे. एफ. एक्स. टूल या नावाने लिहिणारा जेरी बॉईड स्वतः हेच काम करायचा. ही कथा असलेला त्याचा संग्रह 2000 मध्ये आला. चित्रपट पाहायला मात्र तो राहिला नाही, 2002 मध्येच वारला. चित्रपटाची नायिका, बॉक्सर मॅगी हिचं मोडलेलं नाक फ्रँकी जागच्या जागी बसवतो, ते मात्र घरी करून पाहण्यासारखं नाही.

प्रश्न: बेल झाल्यावर प्रतिस्पर्धी बिलीने मॅगीला ठोसा मारला. तिला बाद करायला नको? आणि शेवट वैद्यकीयदृष्ट्या पटण्यासारखा आहे का? – एक वाचक, पुणे

(चित्रपट पाहिला नसेल तर हे उत्तर सोडून पुढे जा.) बाद करायलाच हवं. अमेरिकेतल्या व्यावसायिक बॉक्सिंगच्या नियमांत, मुद्दाम केलेल्या फाउलमुळे प्रतिस्पर्धी जायबंदी होऊन लढत तिथेच थांबली तर फाउल करणारी अपात्र ठरते.

मॅगीच्या मानेची दुखापत पटते. श्वासपटलाच्या नसा मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघतात. त्याच्या वर मज्जारज्जू तुटला की स्वतःहून श्वास घेता येत नाही, म्हणून व्हेंटिलेटर. खटकतं ते पुढचं. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाला व्हेंटिलेटर नाकारण्याचा हक्क अमेरिकेत तेव्हाही होता. मॅगीने मागणी केली असती तर डॉक्टरांनीच औषध देऊन, त्रास होऊ न देता यंत्र काढलं असतं. फ्रँकीला ते काढायला रात्री चोरून यायची गरज नव्हती. ती गरज पटकथेला होती. एवढी ढिलाई आम्ही पहिल्या दीड तासाच्या जोरावर माफ केली, सगळ्यांनी करावी असं नाही.

जाता जाता: बिली झालेली लुसिया रायकर ही नेदरलँड्सची खरीखुरी बॉक्सर. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ती एकदाही हरली नाही.

प्रश्न: सिनेमा पाहून मुलगी स्पीड बॅग मागते आहे. काय घेऊ? – एक पालक, कोल्हापूर

स्पीड बॅग, म्हणजे पाटीखाली टांगलेली छोटी फुगीर बॅग, सर्वांत शेवटी. आधी साडेचार मीटरच्या हाताच्या पट्ट्या, दोरीवरच्या उड्या आणि पायांची हालचाल. नंतर हेवी बॅगसाठी (टांगलेली मोठी, जड बॅग) 12 औंसांचे ग्लोव्हज. स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) सुरू झालं की 16 औंसांचे आणि दातांचा गार्ड, त्याआधी स्पारिंग नाही.

स्पीड बॅग घेतलीच तर तिचा सर्वांत फुगीर भाग हनुवटीच्या उंचीला येईल अशी टांगा. ठोसा बसल्यावर बॅग पाटीवर तीनदा आपटते: पुढे, मागे, पुढे. तिसऱ्या आवाजानंतर पुढचा ठोसा. सुरुवात एका हाताने, हळू, मुठीच्या कडेने आणि कोपर खांद्याच्या पातळीला ठेवून. जोर लावला की बॅग वेडीवाकडी उसळते आणि ताल सुटतो. पहिल्या दिवशी मॅगीचं तेच होतं.