पोटातली फट: किती बोटं, हा अर्धाच प्रश्न

"मॅडम, बाळंतपणाला सात महिने झाले की, पोट काय आत जाईना. परवा रिक्षात एक बाई विचारतात, कितवा महिना म्हणून."

सोलापूरच्या पूर्व भागातून आलेल्या या ताई ३१ वर्षांच्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दोन मुलं, दोन्ही सिझेरियनची. नवरा यंत्रमागावर, ताई घरी विड्या वळतात. सोबत सासूबाई होत्या आणि त्यांचं निदान पक्कं होतं: "बाळंतपणात पोट घट्ट बांधून घेतलं नाही, त्याचं हे." ताईंची भीती वेगळी होती. मोबाईलवरच्या एका व्हिडिओत त्यांनी ऐकलं होतं की पोटाचे स्नायू फाटलेत, आता ऑपरेशनच. तरीही त्याच मोबाईलवर बघून त्या रोज ५० उठाबैठका काढत होत्या, उताणं झोपून, श्वास रोखून.

सगळ्यात आधी 'फाटलेत' हा शब्द बाजूला ठेवावा लागला. पोटावर छातीपासून ओटीपोटापर्यंत दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना मधोमध जोडणारी एक चिवट पट्टी असते, तिला लिनिया अल्बा म्हणतात. गर्भ वाढतो तशी ही पट्टी ताणून रुंद होते आणि स्नायू एकमेकांपासून लांब जातात, मध्ये फट पडते. याला डॉक्टर डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. नऊ महिन्यांच्या पोटाला जागा करून द्यायची म्हणजे हे व्हायचंच. मागावरच्या घरातल्या बाईला एका वाक्यात पटलं: कापड फाटलेलं नाही, वीण सैल पडली आहे. सिझेरियनमध्येही हे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. त्यामुळे 'दोनदा कापलं म्हणून असं झालं' हेही ताईंनी मनातून काढून टाकलं.

हे किती जणींना होतं? नॉर्वेमध्ये ३०० पहिलटकरणींचा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के जणींमध्ये फट होती, सहा महिन्यांनी ४५ टक्के आणि वर्षाने ३३ टक्के जणींमध्ये. म्हणजे बऱ्याच जणींची आपोआप कमी होते, पण वर्षानंतरही तिघींतल्या एकीला राहते. त्याच अभ्यासात असंही दिसलं की फट असलेल्या बायकांना कंबरदुखी जास्त होते असं काही नाही. ताई कंबरदुखीचा सगळा दोष पोटाला देत होत्या. त्यांची कंबर दुखायची ती मांडीत सूप घेऊन तासन् तास वाकून बसल्यामुळे, आणि तो इलाज वेगळा होता.

मग तपासणी. ही घरीही करता येते. उताणं झोपायचं, गुडघे वाकवून पावलं टेकवायची. बेंबीवर बोटं आडवी ठेवायची, टोकं खाली, आणि हलकेच दाबायची. मग श्वास सोडत फक्त डोकं आणि खांदे थोडे उचलायचे. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना लागतात. मध्ये किती बोटं मावतात ते पाहायचं. हेच बेंबीच्या चार-पाच सेंटिमीटर वर आणि तेवढंच खाली. ताईंची फट बेंबीजवळ साडेतीन बोटं, वर तीन, खाली एक. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त रुंदी साधारणपणे डायस्टॅसिस धरली जाते.

पण बोटं मोजून बायका थांबतात, तिथेच चूक होते. बोटं आत किती बुडतात? खाली पट्टी ताठ लागते की लोण्यासारखी मऊ? डोकं उचलताना मधोमध तंबूसारखी उभी कड वर येते का? ताईंचं बोट पेरभर आत जात होतं आणि कड स्पष्ट उभी राहत होती. बेंबीपाशी मात्र गाठ नव्हती, म्हणजे लगेच हर्नियाचा संशय नव्हता. दोन बोटांची पण ताठ पट्टी असलेली बाई घागर आरामात उचलते, दीड बोटाची पण ढिली पट्टी असलेली दमते. आम्ही रुंदीपेक्षा ताण जास्त पाहतो.

उठाबैठका तेव्हापुरत्या थांबवल्या. तो व्यायाम विषारी नाही. नॉर्वेतल्याच २०२३ च्या एका चाचणीत ७० बायकांपैकी निम्म्यांनी १२ आठवडे डोकं-खांदे उचलण्याचे व्यायाम केले. त्यांची ताकद वाढली आणि फट वाढली नाही. ताईंचं चुकत होतं ते सुरुवात तिथून करणं, ५० चा आकडा आणि रोखलेला श्वास. आतला दाब वाढतो, ढिली पट्टी तो पेलत नाही आणि कड बाहेर फुगते.

पहिले दोन आठवडे एकच काम. उताणं, गुडघे वाकवून, एक हात बरगड्यांवर. नाकाने श्वास घ्यायचा, बरगड्या बाजूला फुलू द्यायच्या. मग फुंकर घातल्यासारखा सावकाश सोडायचा आणि सोडताना लघवी अडवतो तसं खालून आत ओढायचं, बेंबीखालचं पोट हलकेच पाठीकडे न्यायचं. पाच सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं. १० वेळा, दिवसातून तीनदा. बाळाला पाजून खाली ठेवलं की एक खेप, असं जोडून दिलं, नाहीतर लक्षात राहत नाही. इथे बहुतेकींचं हमखास चुकतं: पोट जोराने आत घेतात आणि श्वास अडकतो. बोलत बोलत जमलं तरच बरोबर.

तिसऱ्या आठवड्यापासून एक टाच जमिनीवर घासत लांब न्यायची आणि परत आणायची, प्रत्येक बाजूने १०. आणि पावलं टेकवून कंबर उचलायची, १० च्या दोन खेपा. सहाव्या आठवड्यात गुडघ्या-हातांवर येऊन एक हात आणि उलट बाजूचा पाय लांब करणं, भिंतीला हात टेकून दंड, स्टुलावरून हात न टेकता उठणं. आठव्या आठवड्यात डोकं उचलणं पुन्हा आणलं, श्वास सोडत, आठ-आठच्या दोन खेपा. कड दिसली की त्या दिवशी एक पायरी मागे. नियम एवढाच.

व्यायाम दिवसाचे पंधरा-वीस मिनिटं, बाकीचे तास घरातले. ताईंच्या घरी नळ आला की घागरी भरायची घाई. पंधरा लिटरची भरलेली घागर म्हणजे पंधरा किलो, तीही एका कमरेवर. अर्धी भरून, दोन खेपांत, उचलताना श्वास सोडत. अंथरुणातून सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर व्हायचं, मग हाताने रेटून. तंबाखूच्या भुकटीने खोकला यायचा, तेव्हा दोन्ही तळवे पोटावर दाबून धरायचे. सूप मांडीवरून पाटावर आलं, पाठ भिंतीला लागली, अर्ध्या-पाऊण तासाने उठणं ठरलं. (विडीवाल्या प्रत्येक आईला आम्ही हेही सांगतो: पाजण्याआधी हात साबणाने धुवा, तंबाखू लागलेला पदर बदला.) संडासला कुंथणंही थांबायला हवं होतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी चालू ठेवा, पण सोबत पालेभाजी हवी आणि पाणी जास्त हवं, एवढंच सांगितलं.

आता सासूबाईंचा प्रश्न, आणि तो रास्त होता. पोट बांधल्याने सुरुवातीच्या आठवड्यांत आधार मिळतो, टाक्यांना बरं वाटतं. पट्टी जुळते मात्र ती बांधण्यामुळे नाही. बरगड्यांखाली करकचून लुगडं आवळलं की दाब खाली ओटीपोटावर जातो. खोकताना लघवी सुटणं, अंग खाली आल्यासारखं वाटणं यांत भर पडते. बांधायचंच तर खालून वर, श्वास मोकळा राहील इतपत, दिवसाचे काही तास. "मावशी, तुमचा हेतू बरोबर आहे, गाठ तेवढी सैल करा," असं म्हटल्यावर त्या मनापासून हसल्या.

ऑपरेशनबद्दल ताईंना पूर्ण माहिती दिली, टाळलं नाही. त्यात सैल पट्टी टाके घालून आत दुमडतात आणि स्नायू जवळ आणतात. जास्तीची कातडी काढायची असेल तर टमी टक, नसेल तर काही ठिकाणी दुर्बिणीतून, आणि सोबत हर्निया असेल तर बहुधा जाळीही बसवतात. आम्ही सर्जनकडे पाठवतो ते चार गोष्टी जुळल्यावर: किमान सहा महिने नीट व्यायाम होऊनही त्रास आहे, बाळंतपणाला साधारण वर्ष झालं आहे, वजन स्थिर आहे आणि पुढचं मूल नको आहे. पुन्हा दिवस गेले तर दुमडलेली पट्टी परत ताणते. नंतर सहा ते आठ आठवडे जड उचलणं बंद, म्हणजे दीड वर्षाचं मूलही कडेवर नाही. घरात कोण सांभाळणार, हे तारीख घेण्याआधी ठरलेलं हवं. जखमेत पाणी साठणं, जंतुसंसर्ग, बेंबीखाली बधिरपणा, क्वचित पायात रक्ताची गुठळी, हे धोके आहेत. नुसती फट विमा कंपन्या बहुतेकदा सौंदर्याच्या खात्यात टाकतात, हर्नियाला सहसा पैसे मिळतात. पॉलिसी आधी वाचून घ्यावी. मलम, चरबी वितळवणारे पट्टे आणि घामाचे बेल्ट यांनी फट कमी होत नाही.

एका गोष्टीला थांबायचं नाही. बेंबीपाशी किंवा टाक्यावर गाठ आली, ती कडक झाली, आत जाईना, दुखते, लाल दिसते, उलट्या होतात, तर त्याच तासाला सिव्हिल किंवा जवळचं हॉस्पिटल. आतडं अडकलेलं असू शकतं.

बारा आठवड्यांनी ताईंची फट बेंबीजवळ दोन बोटं होती, वर अडीच. बोट आता बुडत नव्हतं, डोकं उचलताना कड येत नव्हती. संध्याकाळी पोट अजून थोडं पुढे येतं आणि बेंबीवरची कातडी सुरकुतलेलीच आहे. ती व्यायामाने जाणार नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी ऑपरेशनचा विचार मूल दोन वर्षांचं होईपर्यंत ठेवून दिला.

त्या दिवशी खरा प्रश्न सासूबाईंनी विचारला. धाकट्या सुनेला सातवा चालू आहे, तिने काय करावं? कुशीवर होऊन उठावं, उचलताना श्वास सोडावा, डॉक्टरांची हरकत नसेल तर तोच श्वासाचा व्यायाम आत्तापासून बसून करावा, आणि बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी एकदा येऊन बोटं लावून घ्यावीत.