पाण्याची बाटली भरलेलीच परत यायची

मी मुलांची समुपदेशक. मार्चचा शेवटचा आठवडा आला की माझ्याकडे येणारे फोन बदलतात. दहावी-बारावीवाले थांबतात आणि दुसरे सुरू होतात. "मॅडम, पोरगी सकाळी उठली की रडते." "टाय हातात घेतली की याचं डोकं दुखतं." आणि बोलणं संपत आलं की जरा आवाज खाली करून एक प्रश्न हमखास येतो: "शाळेत बोलावं का हो? बोललो तर पोरावर राग काढतील का?"

एका उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. मुलीला सई म्हणू.

सईची आई एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आली. मुलगी नुकतीच आठवीत गेलेली. सीबीएसईची शाळा, म्हणजे नवं वर्ष एप्रिललाच सुरू. घर नाशिकच्या सिडकोत, शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, वडील अंबडला कंपनीत. आई खुर्चीत बसता बसताच म्हणाली, "सरळच सांगते मॅडम, नाटकं करते ती." पुरावा तयार होता. सोमवारी पोटात दुखतं, मंगळवारी दुखतं, गुरुवारी, शुक्रवारी दुखतं. बुधवारी आणि शनिवारी मात्र ठणठणीत. बुधवारी-शनिवारी पीटी. "खेळायला पोट दुखत नाही, अभ्यासाला दुखतं. आता तुम्हीच सांगा."

खरं सांगायचं तर हा तर्क मलाही पटला. वहीत मी लिहिलं: नवा वर्ग, अभ्यासाचा ताण, मैत्रिणी? पहिली भेट त्यातच गेली. सई संध्याकाळी आली होती, सुती कुर्ता घालून, केस धुऊन. माझ्या खोलीत कूलर चालू. "हो", "नाही", "माहीत नाही" यापलीकडे काही मिळालं नाही. मी तिला श्वासाचा एक व्यायाम शिकवला आणि आपण काहीतरी केलं असं समाधान करून घेतलं.

दुसरी भेट दुपारची ठरली, ती निव्वळ माझ्या सोयीसाठी. त्या दिवशी ती शाळेच्या व्हॅनमधून थेट माझ्याकडेच उतरली. पावणेतीन वाजले होते. दारात उभी राहिली तेव्हा चेहरा लालबुंद, कपाळावरचे केस चिकटलेले. पांढरा टेरिकॉटचा शर्ट, त्यावर जाड बिनबाह्यांचं जॅकेट, इलॅस्टिकची टाय, बेल्ट, स्कर्ट, गुडघ्यापर्यंत मोजे, काळे चामडी बूट. मी म्हटलं, "अगं, टाय तरी काढ." तिने काढली. गळ्याभोवती लाल वळ उमटलेला, त्याच्या कडेने घामोळ्यांचे बारीक दाणे. बूट काढले. मोजे काढले, पायावर मोज्यांची जाळी उठलेली. मी कूलर तिच्याकडे वळवला आणि म्हटलं, "जॅकेट पण काढ ना."

तिने ते काढलं नाही. दोन्ही हातांनी पुढून घट्ट ओढून धरलं.

मी विषय बदलला आणि पाणी दिलं. एक घोट घेऊन तिने भांडं खाली ठेवलं. पंचेचाळीस मिनिटं व्हॅनमधून आलेली मुलगी एक घोट पिऊन थांबते, हे काही बरोबर वाटेना. रात्री आईला फोन केला आणि वेड्यासारखा वाटेल असा प्रश्न विचारला: डब्याबरोबर देता त्या बाटलीतलं पाणी किती संपतं?

"संपतंय कुठलं! जशी भरून देते तशी परत येते. मी ते तुळशीला घालते."

पुढच्या भेटीत मी अभ्यासाचं नावच काढलं नाही. तुमचा गणवेश कसा असतो, कुठल्या दिवशी कोणता, एवढंच विचारलं. यावर ती बोलली, कारण यात तिला स्वतःबद्दल काही सांगायचं नव्हतं. पीटीच्या दिवशी हाउसचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट. टी-शर्ट गडद निळा, ढगळ. बाकी चार दिवस तो पांढरा शर्ट. घाम आला की तो अंगाला चिकटतो आणि आतलं सगळं दिसतं. मागच्या बाकावरची मुलं एकमेकांना कोपर मारतात. म्हणून जॅकेट. जॅकेट काढायचं नाही तर घाम येऊ द्यायचा नाही, आणि घाम येऊ द्यायचा नाही तर पाणी प्यायचं नाही, असा तिने हिशेब घातलेला. तेरा वर्षांच्या मुलीचं शास्त्र. शिवाय पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. तिथल्या तीनपैकी दोन दारांना कड्या नाहीत, आणि तासाला परवानगी मागितली की सगळा वर्ग मान वळवून बघतो.

आईचा बुधवार-शनिवारचा पुरावा मी पुन्हा डोळ्यांपुढे आणला. दिवस अगदी बरोबर होते, फक्त त्यांचा अर्थ आम्ही दोघींनी उलटा लावला होता. तिचं पोट पीटीच्या आनंदाने थांबत नव्हतं, ढगळ निळ्या टी-शर्टाने थांबत होतं.

आणि पोटात खरंच दुखत होतं. बाथरूमला जाताना जळजळ होते का, असं मी विचारलं तेव्हा तिने खाली बघून मान हलवली. इथे समुपदेशकाने आपली हद्द ओळखावी. मी तिला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. लघवीच्या तपासणीत संसर्ग निघाला, औषधं सुरू झाली. पाणी कमी पिणं आणि तासन्‌तास लघवी धरून ठेवणं, या दोन्हींनी मुलींना हा त्रास होतो. बद्धकोष्ठता होते, तिनेही पोट दुखतं. रिपोर्ट घेऊन आई आली तेव्हा बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी तिला दोनदा मारलं हो, नाटक करते म्हणून."

त्यावर मी काही समजूत घातली नाही. रडू दिलं.

आता कापडाचं थोडं. गणवेशाच्या दुकानात "टेरिकॉट घ्या, इस्त्री मोडत नाही" असं सांगतात, ते खरंच असतं, कारण त्यात सुताबरोबर पॉलिस्टर असतं. पण सुती कापड घाम टिपून घेतं, पॉलिस्टर जवळपास घेतच नाही. नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. शर्टात पॉलिस्टरचं प्रमाण जितकं जास्त, तितका घाम कातडीवरच राहतो. वरून जॅकेट असलं की तो वाळतही नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. आपण नाशिककर अजून "आमचं गाव थंड हवेचं" या समजुतीत असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असल्याचा अभिमान आहेच, पण एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याच्या व्हॅनमध्ये मागच्या बाकावर बसलेल्या पोराला त्या उंचीचा काय उपयोग? २०२५ च्या उन्हाळ्यात राज्याच्या शिक्षण विभागाने शाळा सकाळच्या सत्रात भरवायला सांगितलं, प्राथमिक ७ ते ११.१५ आणि माध्यमिक ७ ते ११.४५. चांगलं झालं. पण घड्याळ बदललं तरी गळ्यातली टाय तीच.

मी गणवेशाच्या विरोधात नाही, हेही सांगून टाकते. कुणाच्या अंगावर दोन हजारांचा शर्ट आणि कुणाच्या अंगावर थोरल्या भावाचा, हे वर्गात दिसू नये असं मला मनापासून वाटतं. माझ्या स्वतःच्या शाळेत निळा-पांढरा होता आणि तो मला आवडायचा. पण टाय कोणाची गरिबी झाकते, ते मला आजवर कळलेलं नाही.

सईचे वडील त्यानंतरच्या भेटीला आले तेच तापून. "वकिलाची नोटीस पाठवतो." कारण डायरी त्यांनी नुकतीच वाचली होती. लाल पेनाने तीन शेरे: गणवेश अपूर्ण. ज्या दिवशी टाय विसरली त्या दिवशी तिला प्रार्थनेच्या वेळी रांगेबाहेर, उन्हात उभं केलं होतं. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं, हे त्यांना ठाऊक होतं. मी त्यांना चूक ठरवलं नाही. एवढंच विचारलं, "नोटीस गेली की दुसऱ्या दिवशी वर्गात कोण बसणार?" आणि मग सईला विचारलं, कारण तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "पप्पा, सगळ्यांना कळेल ना."

ते थोडे निवळले. मग स्वतःहूनच म्हणाले, "आमच्याकडे उन्हाळ्यात शॉपफ्लोअरवर ताक देतात. सुपरवायझर फिरून बघतो, कुणाला चक्कर येतेय का." इथे मला धागा सापडला. मी म्हटलं, शाळेत जाऊन हेच बोला. कलम नंतर, आधी ताक.

तर मूळ प्रश्न, बोललं तर राग काढतील का. कधी कधी काढतात, खोटं कशाला बोलू. पण माझ्या अनुभवात राग निघतो तो बहुतेक कसं बोललं यावरून. पालकांच्या ग्रुपवर आधी आग लावून मग मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये दहा जण घुसले की शाळा अंग चोरते. गप्प बसण्याचा तोटा मात्र हमखास होतो, कारण मूल त्यातून शिकतं की आपल्या अंगाला होणारा त्रास ही सांगायची गोष्टच नाही. म्हणून आधी वर्गशिक्षिका, मग सुपरवायझर, मग मुख्याध्यापक, या क्रमाने जावं. मागणं लहान असावं, लगेच करता येईल असं आणि अमुक तारखेपर्यंतचं. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर जोडावी. मुलाला विचारल्याशिवाय त्याचं नाव पुढे करू नये.

हाताशी एक चांगला कागदही होता. मे २०२२ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने उष्णतेच्या लाटेबद्दल शाळांना सूचना दिल्या होत्या. त्यात टायची सक्ती सैल करावी, चामडी बुटांऐवजी कॅनव्हासचे चालवून घ्यावेत, असं स्पष्ट आहे. शर्ट शक्यतो पूर्ण बाह्यांचा असावा, असंही आहे. पालकांना हे ऐकून नवल वाटतं, पण ऊन थेट अंगावर घेण्यापेक्षा सैल, फिकट रंगाची बाही बरी. या सूचना आहेत, हुकूम नव्हे. पण "दिल्लीहूनच आलंय" म्हटलं की मुख्याध्यापकांनाही संस्थेसमोर बोलायला आधार मिळतो. नियम पुष्कळदा त्यांचेही नसतात.

सईची आई एकटीच गेली. जाण्याआधी माझ्याकडे बसून तिने तीनदा सराव केला. पहिल्या खेपेला "आम्ही फी भरतो" इथूनच सुरुवात केली होती, ते वाक्य खोडलं. वर्गशिक्षिका निघाल्या चांगल्या. त्या म्हणाल्या, "ताई, मलाही वाटतं, पण मुलीच सांगत नाहीत." कड्यांचं ऐकून मात्र त्या चपापल्या. शिक्षकांचं बाथरूम वेगळं होतं ना.

सगळं मिळालं असं नाही. टाय पाऊस सुरू होईपर्यंत माफ झाली, सगळ्या वर्गांना. हाउसचा टी-शर्ट रोज चालेल, हे मिळालं आणि सईसाठी तेच सगळ्यात मोठं होतं. कॅनव्हासच्या बुटांना नकार आला, "मग उद्या चपला घालून येतील." कड्या बसायला तीन आठवडे लागले. प्रत्येक तासाच्या शेवटी दोन मिनिटं पाणी प्यायची, ही वर्गशिक्षिकांची स्वतःची भर. रांगेबाहेर उभं करण्याबद्दल सुपरवायझर एक शब्द बोलले नाहीत. पण पुढे ते कुणी केलंही नाही.

आईला एक गोष्ट मी कागदावर लिहून दिली, ती तुम्हालाही सांगते. व्हॅनमधून उतरल्यावर मुलाला चक्कर, मळमळ, डोकेदुखी असेल तर सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, ओआरएस घोट घोट द्या. असंबद्ध बोलू लागलं, अंग तापून भट्टी झालं, शुद्ध हरपत असेल, तर तोंडात काही घालू नका. अंग ओलं करत, वारा घालत थेट दवाखाना गाठा.

सई पुढे दोनदा आली. बाटलीचं काय झालं ते आईने फोनवर सांगितलं, "आता तुळशीला वेगळं पाणी घालावं लागतं." शेवटच्या भेटीत मी सईला म्हटलं, आता यायची गरज नाही. ती जायला उठली, दारापाशी थांबली.

"टाय पाऊस पडेपर्यंतच माफ आहे ना? मग ऑक्टोबरमध्ये?"

"ऑक्टोबरमध्ये काय?"

"ऑक्टोबर हीटला. परत विचारायचं का?"

"कोण विचारणार?"

तिने जरा विचार केला. "अर्ज मी लिहीन," ती म्हणाली, "पण द्यायला आई."