चढावर सायकल कुरकुरते, नवा बॉटम ब्रॅकेट बसवूनही आवाज जात नाही: कुठून शोधावे?

तुमच्या दोन तक्रारी आहेत. चढावर जोर लावल्यावर उजवा पाय खाली जाताना पायडलपाशी कुरकुर ऐकू येते आणि दुकानात नवा बॉटम ब्रॅकेट (पायडलच्या दांड्या, म्हणजे क्रँक, ज्यावर फिरतात तो फ्रेमच्या तळातला बेअरिंगचा भाग) बसवून घेतल्यावरही ती थांबलेली नाही. शिवाय स्टेमचे (हँडल पुढच्या फोर्कला जोडणाऱ्या भागाचे) आणि कॅरियरचे बोल्ट दर दोन-तीन आठवड्यांनी ढिले होतात. दोन्हींच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जोडणीत होणारी बारीकशी हालचाल. म्हणून दोन्हींचे उत्तर एकत्रच देतो.

घट्ट बसलेल्या दोन भागांमधले ग्रीस पावसाने धुऊन गेले आणि तिथे धूळ शिरली की जोर लागताना ते भाग क्षणभर एकमेकांना धरून राहतात आणि मग एकदम किंचित सरकतात. या सरकण्याचाच तो आवाज असतो. सायकलची फ्रेम पोकळ नळ्यांची असल्यामुळे हा आवाज सगळीकडे फिरतो आणि सीटखाली निर्माण झालेली कुरकुर पायाखालून आल्यासारखी वाटते. आवाज पायडलच्या लयीत येतो एवढ्यावरून दोष पायडलपाशीच आहे असे ठरवता येत नाही, कारण प्रत्येक पायडलबरोबर सगळी फ्रेमच थोडी पिळवटत असते.

मी स्वतः या गोष्टीला फसलो आहे. एका पावसाळ्यानंतर जुन्या कात्रज घाटाच्या चढावर माझी सायकल अगदी तुमच्यासारखीच कुरकुरू लागली. मी तीन आठवड्यांत दोनदा बॉटम ब्रॅकेट उघडला, साफ केला, पुन्हा बसवला, आणि आवाज होता तसाच राहिला. शेवटी पंक्चर काढण्यासाठी मागचे चाक उतरवले, तेव्हा फ्रेमच्या ज्या खाचेत चाकाचा एक्सल बसतो तिच्या बाहेरच्या बाजूला क्विक रिलीजच्या (चाक फ्रेमला धरून ठेवणाऱ्या खटक्याच्या) दातऱ्यांचे चकचकीत घासलेले वर्तुळ दिसले आणि त्याच्या कडेला करडी-काळी भुकटी साचलेली होती. फडक्याने ती जागा पुसली, ग्रीसचा अगदी पातळ हात दिला, क्विक रिलीज जरा अधिक घट्ट लावला आणि त्याच संध्याकाळी घाट आवाजाविना चढलो. तेव्हापासून मी आवाजाच्या दिशेपेक्षा या भुकटीवर अधिक विश्वास ठेवतो. ॲल्युमिनियम घासले गेले तर ती काळसर असते आणि पोलाद घासले गेले तर तांबूस तपकिरी, गंजासारखी. ज्या सांध्यातून ती बाहेर आलेली दिसते, तो सांधा हलत आहे हे निश्चित समजावे.

शोध घेताना एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर आवाज कशाने गेला हे कधीच कळणार नाही आणि तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. त्याच चढावर आधी बसून आणि मग उभे राहून पायडल मारा. उभे राहिल्यावर आवाज थांबला, तर दोष सीट किंवा सीटपोस्टमध्ये (सीटखालच्या दांड्यात) आहे. थांबला नाही, तर दोन्ही पायडल काढा, आटे पुसा, ग्रीस लावा आणि परत बसवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते काढताना पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. हे लक्षात न ठेवता जोर लावल्यामुळे क्रँकचे आटे गेल्याची उदाहरणे मी बरीच पाहिली आहेत. त्यानंतर चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चक्राचे) बोल्ट, क्रँकचा बोल्ट आणि मागचे चाक बघा. गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्या छोट्या हँगरवर टांगलेला असतो, त्याचे स्क्रू बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. तेही काढून पुसून बसवा.

सीटपोस्टबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या पावसात सर्वाधिक त्रास तिथेच होतो. मागच्या चाकाने उडवलेले चिखलाचे पाणी सीटखालच्या क्लॅम्पच्या फटीतून आत उतरते आणि तिथेच सुकते. सीटपोस्ट काढण्यापूर्वी उंचीच्या खुणेसाठी चिकटपट्टी लावा. बाहेर काढल्यावर नळीची आतली बाजू काठीला गुंडाळलेल्या फडक्याने जितकी खोल पुसता येईल तितकी पुसा. फडके कसे निघते ते पाहिले म्हणजे आत काय चालले होते ते समजते. धातूचा सीटपोस्ट धातूच्या फ्रेममध्ये असेल तर ग्रीस लावा. दोहोंपैकी एक जरी भाग कार्बनचा असेल तर ग्रीस न लावता कार्बनसाठी मिळणारी कणीदार पेस्टच वापरा. सीटच्या दोन पट्ट्या जिथे क्लॅम्पमध्ये बसतात, ती जागाही उघडून पुसून घ्या.

बॉटम ब्रॅकेटचा प्रश्न राहतोच. नवा भाग जुन्याच मळलेल्या, कोरड्या आट्यांत बसवला असेल, तर तोही कुरकुरणारच. दुकानात आटे साफ करून ग्रीस लावले होते का, हे जरूर विचारा. स्वतः उघडणार असाल तर नेहमीच्या इंग्लिश आट्यांच्या ब्रॅकेटमध्ये उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो आणि डावीकडचा सरळ, हे ध्यानात ठेवा. चौकोनी टोकाच्या एक्सलची क्रँक असेल आणि ती हाताने हलत असेल, तर सायकल तशी एक किलोमीटरही चालवू नका. पोलादाचा एक्सल ॲल्युमिनियमच्या क्रँकचे चौकोनी भोक गोलसर करून टाकतो, आणि एकदा ते झाले की बोल्ट कितीही आवळला तरी क्रँक टिकत नाही, ती बदलावीच लागते.

आता ढिल्या होणाऱ्या बोल्टांकडे वळू. आवळताना बोल्ट अगदी थोडा ताणला जातो, आणि तो ताणच दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. ताण अपुरा असला की खड्ड्यांच्या धक्क्यांनी ते भाग आडवे सरकू लागतात आणि प्रत्येक सरकण्यासरशी बोल्ट किंचित उलटा फिरतो. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी 1969 साली प्रयोगांनी दाखवून दिले की बोल्ट सुटण्याला आडवी हालचाल उभ्या हालचालीपेक्षा कितीतरी अधिक कारणीभूत असते. म्हणजे ढिला बोल्ट आणि कुरकुर या एकाच हालचालीच्या दोन खुणा आहेत.

यावर उपाय म्हणून बोल्ट सर्व ताकदीनिशी आवळणे मात्र धोक्याचे आहे. स्टेमच्या लहान बोल्टांना सामान्यतः 5 ते 6 न्यूटन मीटर एवढाच पीळ पुरतो आणि बहुतेक स्टेमवर तो आकडा छापलेलाही असतो. 10 सेंटिमीटर लांबीच्या ॲलन कीच्या टोकाला साधारण 5 किलो वजनाइतका जोर दिला की 5 न्यूटन मीटर होतात, यावरून तो किती कमी आहे याची कल्पना येईल. जमल्यास छोटा टॉर्क रेंच (पीळ मोजून देणारा पाना) घ्या. मला तो नव्या टायरपेक्षाही आधी घेण्यासारखा वाटतो. हँडल धरणाऱ्या पुढच्या झाकणाचे चार बोल्ट समोरासमोरच्या तिरप्या जोडीने, थोडे थोडे करून आवळा. काही स्टेममध्ये वरची फट पूर्ण मिटवायची असते, तसे लिहिलेले नसेल तर वर-खाली फट सारखी राहायला हवी.

स्टेमचे बाजूचे बोल्ट वारंवार सुटत असतील तर हेडसेटही (हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग) तपासा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटे फोर्क व फ्रेम यांच्या सांध्यावर ठेवा. टकटक जाणवली तर आधी बाजूचे बोल्ट सैल करा, मग वरच्या झाकणाचा बोल्ट टकटक जाईपर्यंतच आवळा, चाक सरळ करा आणि शेवटी बाजूचे बोल्ट घट्ट करा. हा क्रम उलटा केला तर झाकणाचा बोल्ट कितीही आवळून काही उपयोग होत नाही.

कॅरियर आणि मडगार्डच्या बोल्टांना, ते फ्रेममधल्या आट्यांत बसत असतील तर, निळे, मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा. आटे आधी कोरडे पुसून घ्या, कारण तेलकट आट्यांवर ते धरत नाही. लाल रंगाचे लावू नका, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही. मागे नट असेल तर नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेला) नट वापरा. फवारणीचे पातळ तेल कुरकुर बंद करण्यासाठी मारू नका. ते बेअरिंगचे ग्रीस धुऊन टाकते, आवाज चार दिवस थांबतो, आणि उडालेले थेंब डिस्कवर गेले तर ब्रेकचे पॅड निकामी होतात.

हे सगळे करताना फ्रेमचे वेल्डिंगचे जोड, स्टेम आणि हँडल यांवर पाणी मारून फडक्याने पुसा आणि उजेडात नीट पाहा. केसासारखी रेघ दिसली, तर सायकल चालवणे तिथेच थांबवा. तशी काही नसेल तर उद्या सीटपोस्टपासून सुरुवात करा, आणि मागच्या चाकाच्या खाचेत भुकटी दिसल्यास पुसण्यापूर्वी तिचा फोटो काढून इथे टाका, म्हणजे घासणारा भाग पोलादाचा आहे की ॲल्युमिनियमचा ते सांगता येईल.