बायोप्सीत ग्रेड ३ लिहिलंय, म्हणजे आईचा स्तनाचा कॅन्सर तिसऱ्या स्टेजचा आहे का?

नाही, ग्रेड वेगळा आणि स्टेज वेगळी. तुम्ही आईच्या रिपोर्टमधलं जे उतरवून दिलंय (इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड ३, ईआर-पीआर पॉझिटिव्ह, हर-टू २+) त्यात स्टेज कुठेच नाही. आणि ऑपरेशनच्या आधी किमो सांगितली म्हणजे ऑपरेशन होण्यासारखं राहिलं नाही, हा घरच्यांनी काढलेला अर्थही त्यातून निघत नाही. मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे बायोप्सीचे नमुने तपासतात तिथे, टेक्निशियन आहे. उपचारांचं तुमचे डॉक्टरच सांगतील, पण हा कागद कसा तयार होतो ते मी रोज बघते.

सुईने काढलेला नमुना आमच्याकडे येतो तो शेवयीच्या तुकड्याएवढा. त्याचा मेणात ब्लॉक बनवायचा, त्यातून तीन-चार मायक्रॉनचे पापुद्रे कापायचे, ते काचेवर घेऊन रंगवायचे. मग पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे नमुना तपासणारे डॉक्टर, तीन गोष्टी बघतात: पेशी नळ्यांसारखी रचना अजून कितपत करताहेत, त्यांची केंद्रकं किती वेडीवाकडी झालीत आणि किती पेशी विभागताना दिसताहेत. प्रत्येकाला १ ते ३ गुण. बेरीज ८ किंवा ९ आली की ग्रेड ३. म्हणजे पेशी मूळच्या पेशींपेक्षा बऱ्याच बदलल्यात आणि त्या साधारणपणे झपाट्याने वाढणाऱ्या आहेत. गाठ दीड सेंटीमीटरची असेल, काखेत काही नसेल, तरी ग्रेड ३ येऊ शकतो.

स्टेज मुख्यतः ठरते ती गाठ केवढी, काखेतल्या लसिकाग्रंथींत पोचली का आणि दूरच्या अवयवांत गेली का यावर. त्यासाठी डॉक्टरांची तपासणी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, गरज पडली तर स्कॅन लागतात. ‘इन्व्हेसिव्ह’ वाचूनही लोक हादरतात. पेशी दुधाच्या नलिकेची भिंत ओलांडून शेजारच्या भागात शिरल्यात, एवढंच त्यात म्हटलंय. अंगभर पसरलंय असं नाही.

आता हर-टू २+, कारण माझ्या मते तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे. हर-टू हे पेशीच्या आवरणावरचं प्रथिन. तपासणीत ते तपकिरी रंगतं. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह. ३+ असेल तर पेशीभोवती गडद, अखंड कडं दिसतं, तो पॉझिटिव्ह. २+ मध्ये कडं असतं पण फिकट, आणि तेवढ्यावर हो किंवा नाही म्हणता येत नाही. त्यासाठी त्याच ब्लॉकवर फिश नावाची तपासणी करतात. तिच्यात हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजतात. बऱ्याचदा रिपोर्टच्या तळाशी ‘फिश करावी’ अशी बारीक ओळ असते आणि ती कुणी वाचत नाही. फिश पॉझिटिव्ह आली तर ट्रास्टुझुमॅबसारखी नेमक्या त्या प्रथिनावर चालणारी औषधं किमोसोबत देता येतात. म्हणून किमो सुरू होण्याआधी हा निकाल हातात असायला हवा. यासाठी डॉक्टरांच्या मागे लागलात तरी चालेल, अगदी जरूर लागा.

ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठीच्या पेशी स्त्री-संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या आहेत. तिथे टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल अशा गोळ्या उपयोगी पडतात. त्या वर्षानुवर्षं चालतात, हे आईला आधीच सांगून ठेवा.

आधी किमो, मग ऑपरेशन, याला निओअ‍ॅडजुव्हंट म्हणतात. गाठ लहान झाली तर काही वेळा पूर्ण स्तन काढावा लागत नाही. शिवाय औषध लागू पडतंय का हे गाठ शरीरात असतानाच कळतं आणि पुढचे उपचार त्यावर ठरवता येतात. डॉक्टरांना एक विचारा: किमोआधी गाठीत क्लिप बसवणार का? गाठ पूर्ण विरघळली तर ती नेमकी कुठे होती हे सर्जनला त्या बारीक धातूच्या खुणेवरून सापडतं.

दुसरं मत घ्यायला टाटा मेमोरियलला किंवा आणखी कुठे जाणार असाल तर नुसत्या झेरॉक्स नेऊ नका. लॅबला लेखी अर्ज देऊन स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट ते स्वतः पुन्हा बघतात. फक्त फिशसाठी ब्लॉक आधीच बाहेर पाठवला गेलाय का, हे उद्याच फोन करून विचारा. ब्लॉक तिकडे असेल तर तो परत आल्यावरच तुमच्या हाती पडेल.