डॅशबोर्डचं कव्हर, एअरबॅगचा दिवा आणि अडकलेली चावी

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, राहणार कळंबा, कोल्हापूर. माझी मोटार २०१० ची, पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग आहे. उन्हानं डॅशबोर्डला काचेजवळ भेगा पडल्या होत्या. पुण्यातल्या मुलानं ६,८०० रुपयांचं कडक प्लॅस्टिकचं कव्हर ऑनलाइन मागवलं. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपनं ३,५०० रुपये घेऊन ते सिलिकॉननं चिकटवलं. पैसे यूपीआयनं दिले, पावती मिळाली नाही. आठवड्यात काचेकडची कड उचलली, काचेवर हवा सोडणाऱ्या जाळ्या अर्ध्या झाकल्या गेल्या आणि एअरबॅगचा दिवा विझेना. गाडी दाखवायला नेली तर मिस्त्री म्हणतो, कव्हरच चुकीचं आहे, शिवाय वायरिंग केलं त्याचे ४,२०० द्या, मग चावी. वायरिंग करा असं मी म्हटलंच नव्हतं. विक्रेता म्हणतो, फिटिंग चुकलं, चिकटवलेला माल परत घेत नाही. केस कुणावर करू? नोंदणीचं नूतनीकरण नुकतंच झालंय, आरटीओचा काही त्रास होईल का?

उत्तर : सर, केस कुणावर करायची हे ठरवायला तुम्ही बसलात की दोघंही सुटले म्हणून समजा. तो त्याच्याकडे बोट दाखवणार, हा ह्याच्याकडे, आणि तुम्ही मध्ये कागद घेऊन हेलपाटे मारणार. ग्राहक आयोगात दोघांनाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करता येतं. दोष मालाचा की कामाचा, हे त्यांनी एकमेकांत भांडून आयोगाला सांगावं. तुम्ही फक्त एवढंच दाखवायचं, की पैसे दोघांना दिले आणि गाडी होती त्यापेक्षा वाईट झाली.

पण तक्रारीच्या आधीची एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ते कव्हर कुणालाही उचकटू देऊ नका. नोटीस गेली की मिस्त्री बहुधा गोडीत येईल, “सर, काढून देतो, विषय संपवा” म्हणेल. काढताना सिलिकॉनबरोबर मूळ डॅशबोर्डचे पापुद्रे निघणार, क्लिपा तुटणार, आणि मग कव्हर बसत नव्हतं की बसवता आलं नाही हे सांगायला काहीच उरणार नाही. तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार आत्ता डॅशबोर्डला चिकटून बसलाय.

तोवर गाडी वापरायची झाली तर डाव्या पुढच्या सीटवर कुणालाही बसवू नका. हे वकील म्हणून नाही, घरचा माणूस म्हणून सांगतो. त्या बाजूची एअरबॅग डॅशबोर्डमधलं झाकण किंवा मुद्दाम कमजोर ठेवलेली रेघ फोडून बाहेर येते, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्यावर कडक प्लॅस्टिक चिकटवलं तर ती अडू शकते किंवा प्लॅस्टिकचा तुकडा अंगावर येऊ शकतो. आणि दिवा सतत पेटलेला असणं म्हणजे यंत्रणेला स्वतःतच बिघाड दिसतोय, अपघातात एअरबॅग उघडेल याचा भरवसा नाही. सीटबेल्ट तर हवाच. झाकलेल्या जाळ्याही किरकोळ समजू नका. कोल्हापूरच्या पावसाळ्यात काचेवर आतून वाफ धरली आणि ती जाईना, की पुढचं काही दिसत नाही.

आता चावी. मिस्त्रीला गाडी अडवायचा हक्क अजिबात नाही असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, दुरुस्तीला दिलेल्या वस्तूवर ज्यानं ठरल्याप्रमाणे कष्ट आणि कसब लावलं, तो आपली रास्त मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेऊ शकतो. पण ठरलेले ३,५०० तुम्ही दिलेत. न सांगितलेल्या वायरिंगची मजुरी ‘ठरल्याप्रमाणे’ होत नाही, म्हणून माझ्या मते त्याचा हा हक्क इथं टिकत नाही. तरीही चार हजारांपायी गाडी महिनाभर त्याच्या अंगणात उन्हात उभी ठेवण्यात शहाणपण नाही. आधी व्हॉट्सॲपवर लिहा : “वायरिंगचं काम मी सांगितलं नव्हतं. गाडी सोडवण्यासाठी ४,२०० रुपये हरकत नोंदवून देत आहे, परत मागण्याचा हक्क राखून ठेवला आहे.” मग यूपीआयनंच द्या, रोख नको, आणि चावी घ्या. ही रक्कम तक्रारीत मागता येते. पोलीस ठाण्यात फसवणुकीची फिर्याद देण्याच्या भानगडीत पडू नका. ‘दिवाणी बाब’ असा शेरा मिळेल आणि तो शेरा मिस्त्री आयोगात दाखवेल.

गाडी हातात आली की तिथून थेट अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. स्कॅनर लावून एअरबॅगचा कोणता दोष नोंदला गेलाय, ते लेखी घ्या. एअरबॅगच्या वायरीला हात लावण्याआधी बॅटरी सोडवून थोडं थांबायचं असतं. कनेक्टर सुटा असताना चावी फिरवली गेली तर दोष नोंदला जातो आणि कनेक्टर परत जोडला तरी दिवा पुष्कळदा स्कॅनरशिवाय जात नाही. असंच घडलं असेल तर ती चूक कव्हर विकणाऱ्याची नाही, सरळ मिस्त्रीची. कव्हरच्या मापाबद्दल मात्र ऑटोमोबाइल शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाचं मत प्रतिज्ञापत्रावर घ्या. नाहीतर विक्रेता म्हणणार, तुमचं डोळ्यानं मोजलेलं माप आम्ही का मानायचं?

विक्रेत्याबाबत सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती तुम्ही कळवलेली नाही. मुलानं ऑर्डर केली तेव्हा वर्णनात काय लिहिलं होतं? तुमच्या मॉडेलचं नाव आणि साल दिलं असेल आणि एअरबॅगचा उल्लेखच नसेल, तर माल वर्णनाप्रमाणे नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पण खाली बारीक अक्षरात ‘एअरबॅग नसलेल्या गाडीसाठी’ असं असेल, तर विक्रेत्याविरुद्धची बाजू लंगडी पडते. मग सगळा भार वर्कशॉपवर येतो. तो भार त्याला पेलावा लागेल, कारण कसब त्याचं आहे. डॅशबोर्डवर एअरबॅगची खूण डोळ्यांसमोर असताना त्यानं त्यावरच सिलिकॉन फासलं. “कव्हर चुकीचं आहे” हे त्यानं बसवण्याआधी सांगायला हवं होतं, मजुरी खिशात घातल्यावर नव्हे.

पावती नाही म्हणून घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा म्हटली आहे. यूपीआयची नोंद आणि मेसेज पुरेसे आहेत. मोबाइल मात्र बदलू नका, मेसेज पुसू नका.

विक्रेता परराज्यातला असला आणि वेबसाइटवर ‘वाद अमुक शहरातच’ असं छापलेलं असलं तरी तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात चालते, कारण तक्रारदार राहतो तिथं दाखल करायची मुभा कायद्यानंच दिलीय. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्यानं फी शून्य. मुदत दोन वर्षांची. ऑर्डर मुलाच्या नावावर आहे. त्याच्या संमतीनं वस्तू वापरणारे म्हणून तुम्हीही ग्राहक ठरता, तरी दोघांनी मिळून तक्रार द्या, म्हणजे तांत्रिक हरकतीला जागा राहत नाही. विक्रेत्याचा पत्ता वेबसाइटकडे लेखी मागा, तो त्यांनी द्यायचा असतो. विक्रेता आणि वर्कशॉप, दोघांनाही स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा आणि पंधरा दिवस द्या. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही नोंद करा. कधीकधी विक्रेता तिथंच नमतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यावर आमच्याकडे जो तो “हायकोर्टातच जाऊ” म्हणत येतो. सर, या कामाला बेंच लागत नाही.

मागणी बेतानं करा. कव्हरचे ६,८००, फिटिंगचे ३,५००, हरकत नोंदवून दिलेले ४,२००, सर्व्हिस सेंटरचा खर्च, एअरबॅगच्या दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक, आणि त्रासापोटी माफक रक्कम. अख्खा नवा डॅशबोर्ड मागितलात तर भेगा आधीपासून होत्या हे पहिल्याच तारखेला समोर येईल, आणि पंधरा वर्षांच्या गाडीला कोरा डॅशबोर्ड कुणी देणार नाही. पाच लाखांचा मानसिक त्रास लिहिलात, तर खऱ्या साडेचौदा हजारांकडेही संशयानं बघितलं जातं.

आरटीओचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांबद्दल आहे. डॅशबोर्डचं कव्हर त्या पुस्तकात कुठंच नसतं. नूतनीकरणाला धक्का नाही.

लिस्टिंगचे स्क्रीनशॉट मात्र मुलाला आजच काढायला सांगा, वर्णन, फोटो आणि तारखेसकट. तुमची नोटीस पोचली की ते पान पहिल्यासारखं राहीलच असं नाही.