बाबा-न्योन्यातला बाबा कुठला?

प्रश्न असा आलाय की मलेशियातल्या मलाक्काला फिरताना गाइड तिथल्या जुन्या चिनी घराण्यांना 'बाबा-न्योन्या' (बाबा म्हणजे पुरुष, न्योन्या म्हणजे बाई) म्हणत होता, तर हा बाबा आपलाच का, आणि या लोकांना मराठीत 'अनिवासी चिनी' म्हटलं तर चालेल का.

नाही चालणार. हे 'अनिवासी चिनी' वाचून वाचून डोकं उठलंय. अनिवासी म्हणजे पासपोर्ट मायदेशाचा आणि बिऱ्हाड परदेशात, त्याला चिनीत 'ह्वाच्याओ' हा वेगळा शब्द आहे. ही घराणी कित्येक पिढ्या तिथलीच, पूर्वजांची पूजा चिनी पद्धतीने पण घरातली बोली पूर्वापार मलय, त्यात 'मी' आणि 'तू'सुद्धा होक्कियन या दक्षिण चिनी बोलीतले, 'गुआ' नि 'लू', आणि बायका सारोंग-केबाया म्हणजे लुंगीसारखं वस्त्र नि वर झगा घालणाऱ्या. चीनमधून नव्याने आलेल्या मजुरांना हेच लोक 'सिनकेह' म्हणजे नवा पाहुणा म्हणायचे!

आता बाबा. कोशवाले सांगतात फारसी बाबा, हिंदुस्तानीतून मलयमध्ये गेला, वडीलधाऱ्याला मान म्हणून. मार्ग बरोबर, अर्थ मला पटत नाही. शब्दात बाप दिसला की ही कोशवाली मंडळी तिथेच बस्तान मांडतात. अहो, आपण 'जेव रे बाबा' म्हणतो ते काय बापाला? साहेबाच्या बंगल्यावर आया-खानसामे पोरांना 'बाबालोग' म्हणायचे, आणि पेनांग, मलाक्का, सिंगापूर 1867 पर्यंत हिंदुस्थान सरकारच्याच ताब्यात होतं. शिवाय या समाजाचं दुसरं नाव पेरानाकान, त्यात 'आनाक' म्हणजे मूल, म्हणजे इथल्या मातीत जन्मलेला. तर माझ्या मते हा बाबा बाप नसून पोर आहे, आनाकचाच हिंदुस्तानी जोडीदार. काही जण चिनी 'पापा'शी नातं लावतात, त्यांना काय बोलणार, निम्म्या जगात पोरगं ओठ उघडलं की बा नाहीतर पा म्हणतं, तो पुरावा होत नाही.

आणि हो, पेरानाकान म्हणजे चिनीच असंही नाही, मलाक्काचे चिट्टी मूळचे तमिळ, धर्माने हिंदू, बोलतात मलय, तेही पेरानाकानच. त्यामुळे लिहिताना 'चिनी वंशाचे पेरानाकान' लिहा.

न्योन्या राहिलीच. ती पोर्तुगीजातून आली, गोव्याच्या दोना पावलामधल्या 'दोना'ची नातलग असं बहुतेक जण मानतात, आणि त्यावर माझं भांडण नाही.